चिन्हांचा फेरफार

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला आणि परतूर तालुका परभणी जिल्ह्यातून त्यात दाखल झाला. परंतु ज्या जुन्या खरेदीखतांवर ‘जिल्हा परभणी’ असे लिहिले होते, ती त्यायोगे रद्दबातल ठरली नाहीत. नवा अंमल सुरू करताना जुन्या कागदाचा शब्द राखावा, हे दप्तराचे शहाणपण संगणकाच्या भाषांनाही तितकेच आवश्यक आहे.

गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ साली प्रसृत केलेल्या पायथॉन या भाषेत पूर्वी सातास दोहोंनी भागले असता उत्तर ३ येई. कारण दोन्ही संख्या पूर्णांक असल्या की भागाकाराची तिरपी रेघ उत्तरही पूर्णांकच देई. परतूरच्या मोंढ्यातील सात क्विंटल सोयाबीन दोघा भावांत वाटण्याचा हिशेब असा मांडला, तर अर्धा अर्धा क्विंटल कागदावरून नाहीसा व्हावा आणि यंत्राने चुकीचा चकार शब्दही काढू नये, असा तो दोष होता.

२००१ साली मांडलेल्या २३८ क्रमांकाच्या प्रस्तावाने सुचविले, की एकेरी रेघेने खरा भागाकार, म्हणजे ३.५, द्यावा आणि पूर्णांकी भागाकारासाठी दुहेरी रेघ योजावी. उपाय सरळ होता. परंतु चिन्हाचा अर्थ एका रात्रीत पालटला असता, तर जुन्या नियमावर विसंबून लिहिलेले असंख्य आदेशसंच निमूटपणे निराळी उत्तरे देऊ लागले असते. म्हणून दुहेरी रेघ आधी उपलब्ध करण्यात आली. ज्यास नवा नियम हवा त्याने आपल्या मजकुराच्या शिरोभागी तशी एक ओळ लिहावी, अशी सवलत ठेवण्यात आली. आणि तो नियम सर्वांस लागू झाला तो डिसेंबर २००८ मधील तिसऱ्या आवृत्तीत. दुसऱ्या आवृत्तीची देखभाल तर १ जानेवारी २०२० पर्यंत थांबली नाही.

पुढे ५७२ क्रमांकाच्या प्रस्तावाने एखादे मूल्य काढता काढताच त्यास नाव देणारे, विसर्ग आणि बरोबर यांच्या जोडीसारखे दिसणारे चिन्ह आणले. त्याने कोणाचाही जुना हिशेब बिघडत नव्हता. तरी वाद इतका विकोपास गेला, की जुलै २०१८ मध्ये रॉसम यांनी अंतिम निर्णयाचा आपला अधिकार सोडला आणि तो पुढे पाच निर्वाचित सदस्यांच्या मंडळाकडे गेला.

सातबारावर फेरफार नोंदविताना जुने नाव खरवडून काढीत नाहीत. ते कंसात राहते, शेजारी फेरफाराचा क्रमांक येतो, आणि मंजुरीपूर्वी हरकतींस मुदत असते. ज्या चिन्हावर इतरांचे हिशेब उभे आहेत, त्यास हात लावणाऱ्याने एवढा धीर धरलाच पाहिजे.