जुन्या गाडीला नवे इंजिन : हुन्नर हवा, तसा कागदही हवा

मुरुडसारख्या लातूर-बार्शी रस्त्यावरच्या गावात गॅरेजवर शिकून मिस्त्री झालेली आपली मुले कमी नाहीत. जातीने नेमून दिलेले काम टाकून स्वतः निवडलेले काम करणे, हाही बाबासाहेबांच्या शिकवणुकीचाच भाग आहे. परंतु या धंद्याचे तंत्र झपाट्याने बदलले आहे.

अँबेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईतील पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निरोप घेती झाली. तरीही हौशी मालक या गाड्या जपतात आणि त्यांत फ्युएल इंजेक्शनचे इंजिन बसवून मागतात.

हे काम केवळ नट-बोल्टचे नव्हे. पद्मिनीचे इंजिन उभे, ओढ मागच्या चाकांना; मारुती ८०० चे इंजिन आडवे, ओढ पुढच्या चाकांना. म्हणून ओम्नी किंवा जिप्सीचे उभे इंजिन गिअरबॉक्ससह घेणे सोयीचे. कार्बोरेटरला पेट्रोलचा दाब नाममात्र लागतो, इंजेक्शनला सुमारे तीन किलो. जुना रबरी पाइप तसाच ठेवला तर तो फुटून आग लागू शकते. पंप, फिल्टर, पाइप सगळे दाबाचेच हवे. डायनॅमो असेल तर अल्टरनेटर बसवावा. सेन्सर आणि ईसीयू त्याच इंजिनाचे, वायरिंगसह घ्यावेत. ताकद वाढली की जुने ड्रम ब्रेकही तपासावे लागतात.

आता कायद्याचे. इंजिन नंबर आरसी बुकात असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार बदलाआधी आरटीओची मंजुरी घ्यावी लागते आणि बदलानंतर चौदा दिवसांत कळवावे लागते. मूळ कंपनीच्या तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे दुसऱ्या कंपनीचे इंजिन बसवणे कठीण आहे. बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. शिवाय भंगारातले बिनपावतीचे इंजिन चोरीचे निघाले, तर पोलीस आधी मिस्त्रीच्याच दारात येतात. गरिबाच्या मुलाला तेथे जामीनदार शोधावा लागतो.

म्हणून मिस्त्री बांधवांनी मंजुरीचा कागद आणि इंजिनाची पावती पाहिल्याशिवाय पान्याला हात लावू नये. गिऱ्हाईक रागावले तरी चालेल. सम्यक आजीविका ती हीच. आणि आई-वडिलांनी दहावी झालेल्या मुलाला नुसते गॅरेजवर न सोडता आयटीआयच्या मोटार मेकॅनिक ट्रेडलाही पाठवावे. पुढचे गॅरेज वायरिंगचा नकाशा वाचणाऱ्याचे आहे.

जय भीम!