कचेरीचे स्थलांतर आणि कामाचे वळण

एखादी कंपनी आपली कचेरी नव्या इमारतीत नेते, तेव्हा तिचे चालक हल्ली एक आशा बोलून दाखवितात : नव्या जागेत माणसे जवळ येतील, एकोपा वाढेल, कामाला चांगले वळण लागेल. ही आशा अगदीच खोटी नव्हे. परंतु जागा बदलल्याने काय बदलते आणि काय बदलत नाही, हे पाहावयाचे असेल तर भोपाळचे उदाहरण बोलके आहे. या शहरात एका कंपनीचे नव्हे, तर संबंध राज्याच्या कारभाराचे बिऱ्हाड आले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले. जुन्या मध्य प्रदेशातील विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्याला जोडण्यात आले. उरलेल्या हिंदी भागात मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ ही राज्ये मिळविण्यात आली. पंडित रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री झाले आणि राजधानी भोपाळ ठरली. नागपूरच्या नोकरवर्गाची वाटणी झाली. काहींना मुंबई राज्याची वाट धरावी लागली, तर काहींना इटारसीमार्गे भोपाळची. त्यांत मराठी कुटुंबेही होती.

भोपाळात एकत्र आलेल्या या मंडळींच्या कामाची वळणे निरनिराळी होती. नागपूरचे सचिवालय इंग्रजी अमदानीतील प्रांतिक शिस्तीत वाढलेले. तेथे हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. मध्य भारताची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असे, म्हणून तेथील नोकरांना दप्तर बांधण्याची सवयच होती. विंध्य प्रदेशाचा कारभार रेव्याहून चाले. भोपाळ संस्थानात तर दीर्घकाळ उर्दूचा वापर होता. एकच अर्ज या चार ठिकाणी चार रीतींनी निकालात निघत असणार, हे उघड आहे. आता तो एकाच टेबलावर आला.

शहराची तयारी मात्र बेताचीच होती. १९५१ साली भोपाळची वस्ती सुमारे १ लाख होती. १९७२ पर्यंत ही राजधानी स्वतंत्र जिल्हाही नव्हती. तिचा समावेश सिहोर जिल्ह्यात होत असे. विधानसभा मिंटो हॉलमध्ये भरू लागली, आणि वल्लभ भवन हे नवे सचिवालय उभे राहण्यास १९६५ साल उजाडले. म्हणजे नव्या इमारतीच्या आधी जवळजवळ नऊ वर्षे राज्य चालले ते जुन्या जागांतून. एकोप्याची सुरुवात इमारतीपासून झाली नाही, हे यावरून ध्यानात यावे.

मग ती कशाने झाली? पहिले कारण म्हणजे घरे. नोकरवर्गासाठी तात्या टोपे यांच्या नावाची वसाहत, म्हणजेच आजचे टी. टी. नगर, वसविण्यात आली. सरकारी घर मिळते ते नोकराचा मूळ प्रांत पाहून नव्हे, तर त्याची पगाराची श्रेणी पाहून. त्यामुळे नागपूरकराच्या भिंतीपलीकडे ग्वाल्हेरकर किंवा रेव्याचा गृहस्थ राहावयास येणे साहजिक होते. कचेरीत परके वाटणारे सहकारी संध्याकाळी शेजारी होतात आणि त्यांची मुले एकाच शाळेत जातात, तेव्हा परकेपणाला फारशी जागा उरत नाही. यांतील बरीच जुनी घरे अलीकडे पुनर्विकासासाठी पाडण्यात आली. पण त्यांचे काम त्यांनी केव्हाच केले होते.

दुसरे कारण म्हणजे न्यायाचे आश्वासन. ज्याची नोकरी नव्या राज्यात जाईल, त्याच्या सेवेच्या अटी केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवाचून त्याला प्रतिकूल होतील अशा रीतीने बदलू नयेत, असे राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११५ मध्ये नमूद होते. तरीही ‘वरिष्ठ कोण?’ हा प्रश्न सुटता सुटला नाही. एकत्रित ज्येष्ठता यादीचे तंटे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. शेजारधर्माने मने जुळतात खरी, पण बढतीत अन्याय झाला असे वाटले की ती पुन्हा दुरावतात.

शिवाय सर्वच कचेऱ्या भोपाळला नेल्या नाहीत. उच्च न्यायालय जबलपूरला, महसूल मंडळ ग्वाल्हेरला आणि लोकसेवा आयोग इंदूरला ठेवण्यात आले. यामुळे कागदपत्रांचा प्रवास वाढला. परंतु राजधानीला मुकलेल्या शहरांना आपण या घरातलेच आहोत असे वाटण्यास आधार मिळाला.

याच राज्यातून १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले आणि कर्मचाऱ्यांची वाटणी पुन्हा झाली. २०१२ साली त्या राज्याचे मंत्रालय रायपूरहून नवा रायपूर येथील प्रशस्त इमारतीत गेले. कचेरी गेली, पण बिऱ्हाडे बहुतांशी जुन्या रायपुरातच राहिली. कर्मचारी सकाळी बसने येत आणि संध्याकाळी परतत. इमारत उत्तम, तरी दिवेलागणीनंतर गाव सुने, अशी स्थिती त्या नव्या नगरात पुष्कळ दिवस होती.

तेव्हा स्थलांतर करू पाहणाऱ्या चालकांनी इमारतीच्या नकाशाबरोबरच आपल्या नोकरांच्या घराचा, मुलांच्या शाळेचा आणि बढतीच्या यादीचाही विचार करावा. सामानसुमान एका दिवसात हलविता येते. माणसाचे मन मात्र नव्या गावी आपले बिऱ्हाड लागेपर्यंत आणि आपला हक्क शाबूत आहे अशी खात्री पटेपर्यंत जुन्याच गावी रेंगाळते.