वाकायला न लावणारी गाडी

नवी गाडी बघायला निघालेल्या प्रत्येक कुटुंबाला मी एकच सांगतो: घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला सोबत न्या आणि आधी त्यांना बसवून बघा. तरणी माणसं कुठल्याही गाडीत मावतात. खरी परीक्षा असते ती गुडघ्यांची. बसक्या सेडानमध्ये डोकं आत घालायचं, कंबर खाली सोडायची आणि उतरताना कुणाचा तरी हात धरून वर यायचं. उंच एसयूव्हीत पाय उचलून चढायचं. नऊवारी नेसणाऱ्या आजीला हे दोन्ही सारखंच जड जातं. वॅगनआरची सीट मात्र साधारण खुर्चीच्या उंचीवर येते. दाराकडे पाठ करून टेकायचं आणि मग पाय आत घ्यायचे. आजोबांना टोपी काढावी लागत नाही, लग्नाला निघाले असतील तर फेटाही शाबूत राहतो.

गाडीत फेरफार करणाऱ्यांचं नाव काढलं की डोळ्यांपुढे येतात ते रुंद अ‍ॅलॉय, फाडफाड आवाजाचा सायलेन्सर आणि मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं नाव. वॅगनआरच्या वाट्यालाही हे येतं. पण या गाडीच्या मालकांशी बोलत गेलं, त्यांनी काय बसवलं आणि काय काढलं ते नीट पाहिलं, की बहुतेक बदलांमागे घरातलं एखादं माणूस निघतं. कुणाची कंबर, कुणाचे अधू पाय, कुणाची महिन्याची ओढाताण. म्हणूनच मला या चौकोनी गाडीबद्दल मनापासून आपुलकी वाटते.

तिचा चौकोन आला जपानच्या कायद्यातून. तिथे 'केइ' नावाचा छोट्या गाड्यांचा वर्ग आहे. त्यात बसणाऱ्या गाडीला कर कमी, पण मापं ठरलेली. 1993 मध्ये सुझुकीने पहिली वॅगनआर आणली तेव्हा इंजिन 660 सीसीपर्यंत, लांबी 3.3 मीटर आणि रुंदी 1.4 मीटर अशी मर्यादा होती. उंचीला मात्र दोन मीटरपर्यंत मुभा. लांबी-रुंदीत वाव नसेल तर जागा वरच शोधायची, हे सुझुकीच्या अभियंत्यांनी ओळखलं. छप्पर वर नेलं, सीट उंच केल्या आणि माणसांना ताठ बसवलं. ताठ बसलेल्या माणसाचे पाय कमी जागा खातात, त्यामुळे तेवढ्याच लांबीत मागच्यांचे गुडघे मोकळे झाले.

भारतात ती आली 1999 च्या डिसेंबरात, 1061 सीसीचं मोठं इंजिन घेऊन. वर्षभर आधी ह्युंदाईच्या सँट्रोने उंच गाडीची सवय लावायला सुरुवात केली होती. तरी लोकांनी हिला डबा म्हणून नावं ठेवलीच. घेणाऱ्यांनी ती आतून बसून घेतली, बाहेरून बघून नव्हे. पुढच्या डाव्या सीटखाली एक काढता येणारा ट्रे होता. त्यात चपला, छत्र्या, पाण्याच्या बाटल्या, टोलच्या पावत्या असं काय काय राहायचं. 2010 मध्ये 998 सीसीचं के-सीरिज इंजिन आलं, 2019 मध्ये पूर्ण नवी, आधीपेक्षा दहा सेंटीमीटरहून जास्त रुंद गाडी आली. 2021-22 पासून सलग चार आर्थिक वर्षं देशात सर्वाधिक खपलेली गाडी हीच होती.

उंचीची किंमत मोजावी लागते ती घाटात आणि एक्सप्रेस वेवर. पहिल्या दोन पिढ्यांची गाडी उंच, अंगाने अरुंद आणि टायर 145 रुंदीचे, 13 इंची. वरंधा किंवा आंबा घाटात वळण जरा जोरात घेतलं की गाडी कलते आणि मागच्यांच्या पोटात ढवळतं. मोकळ्या रस्त्यावर शेजारून भरधाव ट्रक गेला की वाऱ्याचा फटका जाणवतो. त्यामुळे जुन्या वॅगनआरमधला सर्वांत सार्थ बदल म्हणजे टायर. पण त्यातही अनेक जण फसतात. 145/80 च्या जागी 155/80 घातला तर टायरचा व्यास 16 मिलिमीटरने वाढतो. गाडी आठ मिलिमीटर उचलली जाते आणि स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा साधारण तीन टक्के मागे पडतो. उलट दिसायला रुबाबदार म्हणून 165/65 घातला तर व्यास घटतो, गाडी खाली येते आणि गतिरोधकावर पोट घासतं. 165/70 घेतला तर व्यास जवळजवळ मूळचाच राहतो आणि पकड वाढते. दुकानदार 'साहेब, रुंद टाका' एवढंच म्हणतो. हा हिशेब घरून करून जावा. स्टिअरिंग थोडं जड होतं आणि अ‍ॅव्हरेज किंचित पडतं, पण घाटात मागे बसणाऱ्यांना फरक कळतो.

टायरनंतर नंबर लागतो स्प्रिंगमधल्या रबरी बफरचा. पाच माणसं आणि सामान घेतलं की मागची बाजू बसते, म्हणून स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबराचे ठोकळे अडकवतात. गाडी उचलली जाते हे खरं. पण मग खड्ड्याचा दणका थेट मणक्यापर्यंत पोचतो. ज्या आजीसाठी उंच सीटची गाडी घेतली, तिचीच पाठ धरते. मला हा बदल मुळीच पटत नाही. शॉकअप थकले असतील तर ते बदलावेत.

गाडीच्या मोठाल्या काचा हा तिचा दुसरा गुण. आत उजेड भरपूर, चहूबाजूचं दिसतं, पार्किंग करताना कोपरे कळतात. मराठवाड्यातल्या मे महिन्यात मात्र याच काचांतून भट्टीसारखी धग आत येते. पूर्वी लोक काळी फिल्म लावून मोकळे व्हायचे. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवर फिल्म लावायला मनाई केली. आता सावलीची जागा शोधायची, उभ्या गाडीला पुढच्या काचेआड चंदेरी पडदा लावायचा, असे उपाय चालतात.

पैशाचा विषय निघाला की सीएनजी येतोच. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर ये-जा करणाऱ्या माणसाने पेट्रोल आणि गॅसचा हिशेब मांडला की महिन्याच्या हप्त्याला हातभार लागेल इतका फरक दिसतो. कंपनीच्या 2022 नंतरच्या सीएनजी गाडीचा प्रमाणित आकडा किलोला 34.05 किलोमीटर आहे. रस्त्यावर तो कमी भरतो, तरी गणित मालकाच्या बाजूनेच राहतं. सिलिंडरची पाणीक्षमता 60 लिटर, त्यात साधारण आठ-नऊ किलो गॅस मावतो, दाब 200 बारच्या घरात.

बदल्यात डिकी जाते. दुसऱ्या पिढीच्या गाडीत ती मुळातच 180 लिटरची. सिलिंडर बसला की उरते फक्त कडेची फट. नव्या गाडीची डिकी 341 लिटरची असल्याने थोडा श्वास मिळतो. मालकांनी यावर आपापले तोडगे काढलेत. कुणी सिलिंडरवर मापात कापलेली प्लायची फळी टाकतो आणि त्यावर भाजीच्या पिशव्या ठेवतो. कुणी मागची अर्धी सीट कायमची आडवी करून ठेवतो, कारण घरात माणसं तीनच. मिरज रस्त्याला भेटलेल्या एका कापडाच्या फेरीवाल्याने मागची सीट पाडून त्या जागी गठ्ठे रचले होते. उभे गठ्ठे सरळ छतापर्यंत. उतरत्या छपराच्या गाडीत वरची एक थर जागा वाया गेली असती, हे त्याने मला हात लावून दाखवलं. चौकोनाचा फायदा इतक्या नेमकेपणाने कुठल्याही जाहिरातीत मांडलेला मी पाहिला नाही.

फळी टाकणाऱ्यांनी एक सांभाळावं. सिलिंडरच्या व्हॉल्व्हपर्यंत हात सहज पोचला पाहिजे, आणि सामान त्याच्या नळीवर रेलता कामा नये. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट करावी लागते. म्हणजे सिलिंडर काढून, पाण्याच्या दाबाखाली तपासून पुन्हा बसवायचा. अर्धा दिवस मोडतो म्हणून ती टाळणारे पुष्कळ आहेत. पंपावर गॅस भरताना सगळ्यांना खाली उतरवतात ते उगाच नाही. 200 बार हा खेळ नव्हे.

या गाडीत झालेला सर्वांत मोलाचा बदल मी पुण्यातल्या एका गॅरेजात पाहिला. पोलिओने दोन्ही पाय अधू झालेल्या एका बाईंची वॅगनआर तिथे उभी होती. स्टिअरिंगच्या दांड्याखाली मेकॅनिकने पोलादी पट्टा आवळला होता आणि त्यातून एक लिव्हर उजव्या हाताशी आणला होता. लिव्हर पुढे ढकलला की ब्रेक, आपल्याकडे ओढला की अ‍ॅक्सिलरेटर. दोन सळ्या खाली जाऊन मूळच्या पेडलना जोडलेल्या, त्यामुळे घरातलं दुसरं कुणी पायानेही तीच गाडी चालवू शकतं. मेकॅनिकने लिव्हर दोन वेळा काढून वाकवला, कारण बाईंचा हात त्याच्या अंदाजापेक्षा आखूड होता. "ताई, स्टिअरिंग पूर्ण डावीकडं घ्या. आता उजवीकडं. गुडघ्याला लागतंय का?" लागत होतं. पुन्हा काढला. तिसऱ्यांदा बसवल्यावर त्यांनी ब्रेक पूर्ण दाबून धरला, सोडला, पुन्हा दाबला, आणि म्हणाल्या, "आता माझा झाला."

याच गाडीची निवड का, हे विचारल्यावर त्यांनी व्हीलचेअर दाराशी लावून दाखवली. खुर्चीची आणि सीटची उंची जवळपास एक. एका हाताने दाराची चौकट धरायची आणि आडवं सरकायचं. दार रुंद उघडतं, छत आडवं येत नाही. आणि 2015 च्या अखेरीस वॅगनआरमध्ये एजीएस, म्हणजे क्लच पेडल नसलेला गिअरबॉक्स आला, तेव्हापासून हे काम फार सोपं झालं. त्याआधी क्लचसाठी आणखी एक हाती यंत्रणा जोडावी लागे. दोन हातांनी स्टिअरिंग, गिअर, क्लच, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एवढं सगळं सांभाळायचं म्हणजे तारेवरची कसरत होती. अशा गाडीची आरटीओत तपासणी होते, आरसीवर नोंद होते आणि चालकाच्या लायसन्सवरही तसा उल्लेख येतो. मोटार वाहन कायद्यात आधी याला 'इनव्हॅलिड कॅरेज' असा बोचरा शब्द होता. 2019 च्या दुरुस्तीने तो काढून 'अ‍ॅडॅप्टेड व्हेइकल' केला, ते बरं झालं.

सुझुकी जपानमध्ये 'विथ' नावाच्या मालिकेत बाहेर वळून खाली येणाऱ्या सीटची वॅगनआर पूर्वीपासून देत आली आहे. आपल्याकडे 2025 च्या डिसेंबरात मारुतीने वॅगनआरसाठी फिरती सीट आणली. पुढची डावी सीट दाराकडे वळते, माणूस बाहेर तोंड करून बसतो आणि सीट आत फिरते. पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत तिची सुरक्षा चाचणी झाली आहे. सुरुवात निवडक शहरांपुरतीच आहे. ही सोय तालुक्याच्या शोरूमपर्यंत लवकर पोचली पाहिजे, कारण सांधे शहर बघून दुखत नाहीत.

भाद्रपदात या गाडीचं आणखी एक रूप दिसतं. पेणहून किंवा पेठेतल्या स्टॉलवरून घरचा गणपती आणायचा, तर दीड-दोन फुटांची मूर्ती पाटासकट उभी राहील एवढी उंची बहुतेक छोट्या गाड्यांत नसते. इथे मुकुट छताला लागत नाही. मागच्या सीटवर पाट, दोन्ही बाजूंना दोन माणसं, आणि चालवणारा दुसऱ्या गिअरवर. मे महिन्यात हीच गाडी छतावर कॅरिअर लावून रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या आणते. कॅरिअर मात्र काम झालं की काढून ठेवावा. रिकामा कॅरिअर वाऱ्यात शिट्टी घालतो आणि इंधन खातो. शिवाय मुळातच उंच असलेल्या गाडीच्या डोक्यावर वजन चढवलं की घाटात ती अधिकच कलते.

एका बाबतीत कौतुक आवरतं घ्यावं लागतं. ग्लोबल एनकॅप या संस्थेने 2023 मध्ये धडक चाचणी केली तेव्हा वॅगनआरला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला, मुलांच्या सुरक्षेसाठी शून्य. 2025 मध्ये सहा एअरबॅग सर्व मॉडेलांत आल्या, ही चांगली गोष्ट. पण एअरबॅगने सांगाडा बळकट होत नाही. म्हणून या गाडीत मजबुतीशी खेळणारा कुठलाही फेरफार मला खपत नाही: स्प्रिंग कापणं, खांबाला भोक पाडणं, बंपरपुढे लोखंडी गार्ड ठोकणं. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं की उत्पादकाच्या मूळ रचनेच्या विरोधात जाणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली चालणार नाही. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा, मग आजी कितीही कुरकुरो.

आज जुनी वॅगनआर घेणाऱ्यांत पहिल्यांदाच गाडी घेणारी कुटुंबं पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी थोडं. डिकीतली मॅट उचलून पत्र्याचा गंज बघा, विशेषतः गाडी कोकणातली असेल तर. रिकाम्या रस्त्यावर हात सैल सोडून ती एका बाजूला ओढते का ते पाहा. पंधरा वर्षांच्या जवळ आलेली असेल तर फेरनोंदणी आणि पर्यावरण कराचा खर्च किमतीतून वजा करून बोला. सीएनजी असेल तर सिलिंडरच्या पट्टीवरची चाचणीची तारीख स्वतः वाचा आणि आरसीवर इंधनाच्या रकान्यात सीएनजीची नोंद आहे का ते तपासा. नोंद नसेल, तर भाव कितीही पाडून मिळत असला तरी ती गाडी सोडून द्या; अपघाताच्या दाव्याच्या वेळी विमा कंपनी पहिला कागद तोच मागते.