नडगीचे दुखणे आणि भरतीची घाई

पहाटेच्या अंधारात वाशीम जिल्ह्यातील कोणत्याही मोठ्या गावाच्या वेशीबाहेर जावे, तर डांबरी सडकेच्या कडेने धावणाऱ्या तरुणांचे घोळके दिसतात. रिसोड असो, मंगरुळपीर असो वा मानोरा, दृश्य तेच. कोणाच्या डोळ्यांपुढे पोलीस दल आहे, कोणाच्या सैन्य. मोठे उद्योग नसलेल्या या कोरडवाहू जिल्ह्यात खाकी वर्दी हा केवळ पोशाख नाही. घराचे कर्ज, धाकट्या बहिणीचे शिक्षण आणि आईबापांचे म्हातारपण यांचा तो आधार आहे. मात्र महिना लोटत नाही तोच या घोळक्यांतील काहीजण लंगडू लागतात. विचारले, तर बोट नडगीकडे जाते.

या दुखण्याला सामान्यतः क्षुल्लक मानले जाते. ‘नवी सवय आहे, दुखणारच’ असे मित्र सांगतात आणि तरुण दात-ओठ खाऊन धावत राहतो. वस्तुतः येथेच फसगत होते. पायाच्या मोठ्या नळीच्या हाडावर, तिच्या आतल्या कडेने, घोट्याच्या वरच्या भागात वीतभर पसरलेली ही वेदना म्हणजे हाडाने आणि त्यावरील आवरणाने दिलेली पूर्वसूचना होय. ती सूचना मानली, तर काही आठवड्यांत पाय पूर्ववत होतो. धुडकावली, तर हाडाला सूक्ष्म तडा जाण्याचा धोका संभवतो.

असे का व्हावे? हाड ही निर्जीव वस्तू नव्हे. त्याच्यावर नवा भार पडू लागला, की शरीर त्याची पुनर्रचना आरंभते. मात्र या कामाचा क्रम चमत्कारिक आहे. जुना भाग पोखरून काढणाऱ्या पेशी आधी कामाला लागतात आणि नवा भाग घालणाऱ्या मागाहून येतात. काढण्याचे काम सुमारे तीन आठवड्यांत उरकते. भरण्याच्या कामाला सुमारे तीन महिने लागतात. धावण्यास आरंभ केल्यानंतरचे पहिले काही आठवडे, म्हणजे ज्या काळात तरुणाचा उत्साह सर्वांत जास्त असतो तोच काळ, हाडाच्या दृष्टीने नाजूक ठरतो. जुने वासे उतरवले आहेत आणि नवे अजून चढायचे आहेत, अशा घरावर पाहुण्यांची गर्दी लोटावी, तशी ही अवस्था असते.

फुप्फुसे आणि स्नायू लवकर तयार होतात. हाड मागे राहते. दम टिकू लागला म्हणून तरुण अंतर दुप्पट करतो आणि नेमका तेथे घात होतो. सैन्यातील डॉक्टरांना या प्रकाराचा परिचय जुना आहे. लांबच्या कवायतीनंतर सैनिकांच्या पावलांना येणाऱ्या सुजेचे वर्णन प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या वैद्याने 1855 मध्येच केले होते. क्ष-किरणांच्या शोधानंतर त्या सुजेमागे हाडातील तडे असल्याचे उघड झाले.

वाशीमच्या तरुणापुढील अडचण या ज्ञानाच्या अभावाइतकीच वेळापत्रकाचीही आहे. महाराष्ट्रातील पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी 50 गुणांची असते. त्यांपैकी 20 गुण एकट्या लांब धावेला, मुलांना 1,600 आणि मुलींना 800 मीटर अंतरासाठी, मिळतात. 2024 च्या भरतीत 17,471 पदांसाठी 17 लाखांहून अधिक अर्ज आले. अशा स्पर्धेत एकेक सेकंद मोलाचा ठरतो, हे खरेच. मात्र जाहिरात निघाली म्हणजे धावण्यास सुरुवात करायची, ही रूढी घातक आहे. हाड जाहिरात वाचत नाही. ते आपल्या गतीनेच बळकट होते.

तेव्हा तयारी जाहिरातीच्या कितीतरी आधी, चालण्यापासून सुरू व्हावी. पहिले काही आठवडे चालणे आणि हळू धावणे आलटून पालटून करावे, दोन धावांमध्ये एक दिवस मोकळा ठेवावा, अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवू नयेत. पावसाळ्यात येथील काळी माती पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, म्हणून तरुण डांबराकडे वळतात, हे समजण्याजोगे आहे. तरी शाळेचे सपाट मैदान किंवा मुरमाची वाट मिळाल्यास तीच पत्करावी. तळ झिजलेले बूट बदलावेत. पायऱ्यांवर टाचा उचलण्याचा साधा व्यायाम पोटऱ्यांना बळ देतो. धावण्यापूर्वी स्नायू ताणले की इजा टळते, ही समजूत मात्र तपासून पाहिली पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यातील 1,538 नवशिक्यांवर झालेल्या आणि 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तसा लाभ आढळला नाही.

आहाराचा प्रश्नही येथे येतो. अर्धपोटी धावणाऱ्याचे हाड दुरुस्त होत नाही. भाकरीसोबत डाळ, दूध, तीळ हवेत. मुलींच्या बाबतीत हे अधिकच खरे. धावण्याच्या श्रमाने मासिक पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर ती गुप्त ठेवण्याची बाब नव्हे. हाडे धोक्यात असल्याची ती खूण आहे आणि डॉक्टरांना सांगितलीच पाहिजे.

दुखणे सुरू झालेच, तर धावणे थांबवावे. कापडात गुंडाळलेला बर्फ दिवसातून काही वेळा पंधरा मिनिटे लावावा. दम टिकवण्यासाठी वेदना होत नसेल तर सायकल चालवावी. चालताना आणि बोटाने दाबल्यावर वेदना उरली नाही, म्हणजे निम्म्या अंतरापासून पुन्हा आरंभ करावा. नडगीवर जोरजोराने मालिश करणे किंवा चाचणीपूर्वी वेदनाशामक गोळी घेऊन उतरणे, हे पहारेकऱ्याचे तोंड बांधण्यासारखे आहे. वेदना एकाच बिंदूवर एकवटली, रात्री विश्रांतीतही ठणकू लागली किंवा एका पायावर उडी मारणे अशक्य झाले, तर विलंब न करता अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा. पहिल्या क्ष-किरण चित्रात तडा न दिसणे हे तो नसल्याचे प्रमाण नव्हे. धावताना पोटरी दगडासारखी घट्ट होऊन पाऊल बधिर पडत असेल, तर ते दुखणे निराळे असते. तेही अंगावर काढू नये.

हे सारे एकट्या तरुणावर सोडून भागणार नाही. शाळा-महाविद्यालयांतील क्रीडाशिक्षकांनी अकरावीपासूनच हळूहळू वाढणारा सराव सुरू केला, संस्थांनी पहाटे मैदाने उघडी ठेवली आणि शासनाने भरतीचे वेळापत्रक पुरेसे आधी जाहीर केले, तर कित्येक नडग्या वाचतील. पेरणीनंतर दुसऱ्याच दिवशी शेंगा मागणारा शेतकरी या जिल्ह्यात सापडणार नाही. त्याच शेतकऱ्याच्या मुलाने आपल्या हाडांकडे मात्र तशी मागणी करावी, ही परिस्थिती बदलणे कठीण नाही. त्यासाठी हवा आहे तो थोडा अगोदरचा आरंभ आणि थोडा धीर.