लेखिकेच्या घरची माणसं

आमच्या घरात एक प्रेमकथा लिहिणारी लेखिका राहते. हा लेख मात्र तिनं लिहिलेला नाही, आम्ही लिहिलाय. 'आम्ही' म्हणजे तिचा नवरा, मोठी मुलगी, धाकटा मुलगा आणि वर्षातले दोन-तीन महिने पुण्याहून येऊन राहणाऱ्या तिच्या सासूबाई. लेखणी नवऱ्याच्या हातात आहे. इंजिनिअर माणूस, आजवर लिहिलं ते मशिनरीच्या बिघाडाचे रिपोर्ट. पण प्रत्येक परिच्छेद बाकीच्यांनी पास केलेला आहे, तेव्हा जबाबदारी सामुदायिक.

झालं असं, की संपादकांनी तिला विचारलं, "लेखन, संसार, सणवार, सुट्ट्या या सगळ्याचा मेळ कसा घालता, त्यावर लिहा ना." ती हसली आणि म्हणाली, "मेळ मी घालत नाही. घरच्यांना विचारा." संपादकांनी ते खरंच मनावर घेतलं.

आधी वेळापत्रक सांगायला हवं, त्याशिवाय आमचं दुखणं कळणार नाही. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाला फराळाबरोबर कथा लागते. पण दिवाळीत वाचायची कथा दिवाळीत लिहून चालत नाही. एप्रिल-मेमध्ये संपादकांचं पत्र येतं (आता ई-मेल), जूनअखेर, फार तर जुलैच्या मध्यापर्यंत कथा हातात हवी असते, आणि प्रुफं येतात ती नेमकी गणपतीत. म्हणजे कथेतली नायिका पणत्या लावत असते तेव्हा लेखिकेच्या खिडकीबाहेर जून महिना असतो. आणि सिंगापूरच्या शाळांना जूनमध्ये चार आठवड्यांची सुट्टी असते. मुलांच्या हक्काची, भारतात जायची, आजीकडे लोळायची सुट्टी.

बरं, आमची लेखिका पूर्णवेळ लेखिका नव्हे. रॅफल्स प्लेसला एका कंपनीच्या हिशेबखात्यात ती नोकरी करते. सकाळी आठला घर सोडते, संध्याकाळी साडेसातला परत. कथा वर्षाला दोन, कधी तीन. मानधनाचं म्हणाल, तर एका कथेच्या पैशात चांगी विमानतळावर आम्हा चौघांचं एक वेळचं जेवण होतं, गोड वगळून. मुलीनं मध्यंतरी शोधून काढलं, की ऑस्ट्रेलियात वेंडी आणि फ्रँक ब्रेनन हे नवरा-बायको मिळून 'एमा डार्सी' या एकाच टोपणनावानं प्रेमकादंबऱ्या लिहीत. १९९५ मध्ये फ्रँक गेले, त्यानंतर वेंडीबाई त्याच नावानं एकट्या लिहीत राहिल्या. "बाबा, तुम्ही पण जॉइन व्हा," असा प्रस्ताव आला. बाबांनी एक प्रेमप्रसंग लिहून दाखवला. त्यात नायक नायिकेला पाण्याच्या पंपाचा आवाज का येतो ते समजावून सांगत होता. प्रस्ताव बारगळला.

या मंडळींबद्दल आम्ही जरा वाचायला लागलो, ते उशिरा. ना. सी. फडके प्राध्यापकी सांभाळून कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या लिहीत होते, हे आजी लोकांना ठाऊक होतंच. त्यांच्या पत्नी कमला फडके स्वतः कादंबरीकार, हे आमच्यापैकी तिघांना नव्हतं. डॉ. सुमती क्षेत्रमाडे दवाखाना चालवून 'महाश्वेता' लिहीत होत्या. डॉ. कुसुम अभ्यंकर रत्नागिरीत रुग्ण तपासत, वाचनालयांतून हातोहात फिरणाऱ्या कादंबऱ्या लिहीत आणि वर रत्नागिरीच्या आमदारही झाल्या. योगिनी जोगळेकर गायिका, तरी पुस्तकं शंभराच्या वर. ज्योत्स्ना देवधर पुणे आकाशवाणीत. समीक्षकांनी यांतल्या बऱ्याच जणींना एका ओळीत गुंडाळलं, ते असो. आम्हाला प्रश्न पडला तो निराळा. दवाखान्याची वेळ पाटीवर लिहिलेली असते, सभेची पत्रिकेत छापतात, मैफलीची तर तिकिटावरच असते. कादंबरीची वेळ कुठे लिहिलेली असते? ती कोणाच्या तरी झोपेतून, नाहीतर कोणाच्या तरी जेवणातून काढावी लागते. बार्बरा कार्टलंडबाईंनी सातशेच्या वर पुस्तकं केली, पण त्या सोफ्यावर पडून मजकूर सांगायच्या आणि सेक्रेटरी तो उतरवून घ्यायची. आमच्याकडे सोफा आहे. त्यावर धुतलेले कपडे असतात.

आणि घरच्यांना काय काय सोसावं लागतं! चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. अश्लीलतेचा खटला झाला, मुंबई उच्च न्यायालयानं दोषी ठरवलं, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं. त्याच वर्षी त्यांच्या 'नीलांबरी' कादंबरीवरचा 'दो रास्ते' पडद्यावर आला, एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणारा. मधल्या दिवाळ्या त्या घरात कशा गेल्या असतील, ते निकालपत्रात नसतं. आमचा त्रास त्यापुढे काहीच नाही, हे मान्य. पण होता.

२०१९ चा जून. आम्ही पुण्यात. घरात अकरा माणसं, आंब्याचा शेवटचा हंगाम, आत्या-मावश्यांचं येणं-जाणं. लेखिकेची कथा अर्धी. ती पहाटे चारला उठून गच्चीवर बसायची. सहा वाजता दूधवाला, सव्वासहाला सासूबाई, साडेसहाला "अगं, चहा टाकतेस ना?" दुपारी दार लावून बसली, तर दोन वेळा दार वाजवलं जायचं, एकदा काम म्हणून आणि एकदा बरं नाही का विचारायला. (सासूबाई म्हणतात हेही लिही, की दार वाजवणाऱ्या त्याच होत्या.) कोकणात तीन दिवस जायचं ठरलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही जा, मी दोन दिवसांत कथा संपवून येते." त्यावर मुलगा, तेव्हा नऊ वर्षांचा, सगळ्यांसमोर म्हणाला, "आई ऑफिसच्या सुट्टीत पण ऑफिसलाच असते."

सगळे हसले. ती बॅग भरून आमच्याबरोबर आली. कथा गाडीत, मांडीवर, कशीबशी संपवली. छापून आली तेव्हा तिनं ती वाचलीसुद्धा नाही.

तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याही मनात आलं नाही, की घरातला इंजिनिअर दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला एकदा प्लँटवर बॉयलर बंद पडला म्हणून निघून गेला होता, आणि आरती त्याच्यासाठी दोन तास थांबवली होती. तेव्हा कोणी काही बोललं नव्हतं. उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगितलं होतं.

मग २०२० आलं. सात एप्रिलपासून सिंगापुरात सगळे घरात. टेबल एक आणि माणसं चार: एक ऑनलाइन मीटिंग, दोन ऑनलाइन शाळा आणि हिशेबाची एक एक्सेल शीट. त्या वर्षी तिनं संपादकांना नकार कळवला. पुढच्या वर्षीही. घर शांत झालं, जेवणं वेळेवर, कोणी पहाटे उठेना. आम्हाला वाटलं, बरं झालं, बिचारीला आराम मिळाला. दिवाळीत फोनवर सासूबाई म्हणाल्या, "अंक चाळला गं, तुझी कथाच नाही." ती म्हणाली, "जमलं नाही." तिकडे दोन्ही वर्षं एवढंच बोलणं झालं. इकडे ती रात्री टीव्हीसमोर बसायची आणि तिला मालिकेत काय झालं ते विचारलं, तर सांगता यायचं नाही.

२०२२ च्या एप्रिलअखेरीस ऑफिसं पूर्ण उघडली. ते आमच्या घरचं पीएसएलईचं वर्ष. नव्या वाचकांसाठी, पीएसएलई म्हणजे सहावीची राष्ट्रीय परीक्षा, आणि सिंगापुरात ती मुलांइतकीच आयांची असते. त्या वर्षी आया रजा काढतात, कोणी नोकरी सोडतात. आमच्या लेखिकेनं लेखनाचं नावही काढलं नाही. निदान आमची तशी समजूत होती.

जुलैमध्ये एका दुपारी घरातल्या इंजिनिअरचं रॅफल्स प्लेसला काम निघालं. काम बाराला आटोपलं, म्हटलं, बायकोला जेवायला गाठावं. तिनं फोन उचलला नाही. म्हणून आपला आपण चालत लाऊ पा सातला गेला. ती अष्टकोनी इमारत त्याला फार आवडते. १८९४ सालचे ग्लासगोहून ओतून आणलेले बिडाचे खांब, १९८६ मध्ये मेट्रोच्या बोगद्यांसाठी अख्खा सांगाडा सुटा करून ठेवला आणि नंतर होता तसा जोडला. असो, खांब पाहता पाहता त्याला एका खांबाशेजारी ती दिसली.

दुपारी साडेबाराची गर्दी. ताटल्यांचा, कढयांचा, माणसांचा आवाज. समोर अर्धी राहिलेली दहीभाताची डबी. शेजारच्या खुर्चीवर टिश्यू पेपरचं पाकीट. इथे नवीन असाल तर सांगतो, याला 'चोप' म्हणतात. टेबलावर पाच-पन्नास सेंटचं टिश्यूचं पाकीट ठेवलं, की जागा राखलेली. पन्नास मजले चढलेल्या इमारतीतला मोठा साहेबही ते पाकीट उचलत नाही. दुसरी जागा शोधतो. आणि ती वहीत लिहीत होती. मान खाली, डावा हात कपाळाला. मध्येच थांबून समोर कुठे तरी पाहिलं आणि स्वतःशी हसली. दहा वर्षांत तसं हसताना घरात तिला पाहिलं नव्हतं, असं इंजिनिअरचं म्हणणं. (मुलगी म्हणते, अतिशयोक्ती. राहू दे.)

तो तिच्या टेबलापाशी गेला नाही. स्टेशनात उतरला, गाडी पकडली आणि जुरोंगला परत गेला. जागा अनोळखी माणसांनी राखून दिली होती, आपण नाही, हे त्याला सबंध पूर्व-पश्चिम लाइनभर टोचत राहिलं.

घरी आठवडाभर कोणी काही बोललं नाही. मग एका रविवारी दुपारी नवऱ्यानं जेवणाचं टेबल पुसलं, खिडकीकडच्या खुर्चीसमोर टिश्यूचं पाकीट ठेवलं आणि मुलांना सांगितलं, "दोन ते चार ही जागा चोप केलीय." ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, पाकिटाकडे पाहिलं आणि रागावली. खरंच रागावली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? आणि परीक्षा झाल्यावर बोलणार होते मी." मुलगा म्हणाला, "आई, तू माझ्या समोर बसून लिही. मी मॅथ्स करतो." सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत ते दोघं समोरासमोर बसले. त्याला हवे तितके मार्क पडले नाहीत. ते लेखनामुळे, असं एका नातेवाईकांनी फोनवर सुचवलंही. आम्ही उत्तर दिलं नाही, आणि त्या रात्री ती बराच वेळ जागी होती, हेही लिहायला हवं.

तेव्हापासून जूनमध्ये आम्ही भारतात जात नाही. डिसेंबरच्या सहा आठवड्यांच्या सुट्टीत जातो. याची किंमत मुलांनी दिली आहे. डिसेंबरमध्ये तिकडच्या चुलत-मामे भावंडांच्या शाळा चालू असतात, आंबे नसतात, आजीच्या घरी गोंधळ नसतो. हुरडा असतो, पण तो आंब्याची भरपाई करत नाही, असं धाकट्याचं ठाम मत आहे. सासूबाईंनी पहिल्या वर्षी नाराजी दाखवली, दुसऱ्या वर्षी स्वतःच जूनमध्ये इकडे यायला लागल्या. त्या पोळ्या करतात, आणि दोन ते चार दाराची बेलसुद्धा वाजू देत नाहीत. डिलिव्हरीवाल्याला दारातच हातानं 'हळू' म्हणतात.

गणपतीचा प्रश्न सुटलेला नाही. प्रुफं, आरती आणि मंडळाच्या कार्यक्रमाची तालीम एकाच आठवड्यात येतात. गेल्या वर्षी मोदकांची उकड गॅसवर असताना संपादकांचा फोन आला. पुण्यात संध्याकाळचे सहा, म्हणजे आपले साडेआठ. नायिकेचं नाव एका पानावर बदललं गेलं होतं. फोन संपेस्तोवर उकड बसली. त्या वर्षी आमच्या बाप्पानं खव्याचे विकतचे मोदक खाल्ले.

एक तक्रार मात्र मुलीची आहे आणि ती छापावी असा तिचा आग्रह आहे. आईच्या कथेतल्या नायिका नेहमी सुट्टीत प्रेमात पडतात. महाबळेश्वर, कोकण, एकदा तर श्रीनगर. "आम्हाला न नेता ही यांना नेते," असं ती म्हणते. यावर लेखिकेकडे उत्तर नाही.

दोन वाजले. टेबलावर पाकीट येऊन पडलं आहे आणि खुर्चीमागे कोणी तरी उभं आहे. आम्ही उठतो.