मिसरची नाईल, आमची मुठा

सूरह यूसुफमधली हकीकत आपल्या घराघरांत मुलांना सांगितली जाते. बादशहाला स्वप्नात सात धष्टपुष्ट आणि सात रोडावलेल्या गायी दिसल्या. ह. यूसुफ (अ.) यांनी अर्थ सांगितला: सात वर्षे भरपूर पिकेल, नंतर सात वर्षे दुष्काळ पडेल, तेव्हा आताच धान्य साठवा. हे घडले मिसरमध्ये, जिथे शेती नाईल नदीच्या पुरावर चालत असे.

मिसरमध्ये पाऊस जवळजवळ पडतच नाही. दूर इथिओपियाच्या डोंगरांत कोसळलेले पाणी दरवर्षी नाईलला पूर आणी आणि ओसरताना शेतांत काळा, कसदार गाळ सोडून जाई. त्यात गहू, जव पिकत. तिथल्या लोकांनी वर्षाचे ऋतूही तीनच मानले होते: पुराचा, पेरणीचा आणि कापणीचा. पूर कमी आला तर उपासमार, जास्त आला तर गावे पाण्याखाली. म्हणून ते नदीचे पाणी मोजत. पुढे मुसलमानांच्या राजवटीतही हे काम चालू राहिले. आजच्या कैरोतल्या रोदा बेटावर इ.स. 861 मध्ये, अब्बासी खलीफा मुतवक्किल यांच्या काळात बांधलेला 'मिक्यास' अजून उभा आहे. खोल विहिरीच्या मधोमध खुणा केलेला संगमरवरी खांब. पाणी कुठल्या खुणेपर्यंत चढले, त्यावरून पिकाचा अंदाज येई आणि शेतसारा ठरे.

आपले पुणेही नदीकाठचेच. जुनी वस्ती कसब्यात, मुठेच्या काठी. थोरला आणि धाकटा शेख सल्ला हे दोन्ही दर्गेही नदीजवळच. एकोणिसाव्या शतकात खडकवासल्याला धरण झाले आणि नदी नळातून, कालव्यातून घरा-शेतांत पोहोचली. मग आम्ही पुणेकर नदीकडे पाहायचेच विसरलो.

12 जुलै 1961 रोजी तिने आठवण करून दिली. बांधकाम चालू असलेले पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. ज्यांनी तो दिवस पाहिला, ते पुराच्या आधी आणि नंतर अशीच वर्षे मोजत. जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा घरातल्या बुजुर्गांना पुन्हा पानशेतच आठवले. पात्राची जागा आपण घेतली, तर पाणी जाणार कुठे?

दुसरी बाजूही आहे. पुण्याला पाणी देणाऱ्या या धरणांचेच पाणी कालव्याने दौंड, इंदापूरच्या शेतांना जाते. आमच्या मोरीत नळ उगाच वाहतो, तेव्हा तिकडच्या एखाद्या शेतकऱ्याचा वाटा वाहून जातो. आणि वापरलेले पाणी आपण घाण करून त्याच नदीत सोडतो, ती पुढे भीमेला मिळते.

वाहत्या नदीच्या काठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. पाणी मुबलक आहे म्हणून उधळपट्टीची मुभा मिळत नाही. आम्हाला वाटते, सुरुवात घरातून व्हावी. वुजूसाठी नळ सोडून ठेवण्याऐवजी लोटा घ्यावा. गळकी तोटी आजच दुरुस्त करावी. आणि एखाद्या रविवारी मुलांना पुलावर नेऊन मुठा दाखवावी. त्यांनी विचारले, "अब्बा, पाणी इतके काळे का?" तर उत्तर टाळू नये. नाईलचा खांब मोजणाऱ्यांना नदीची खबर होती. आपल्या मुलांनाही असावी.