भारतातील दाहक आंत्ररोग : वय व लिंगाचा प्रभाव

दाहक आंत्ररोग हा पचनमार्गात दीर्घकाळ टिकणारा दाह व व्रण निर्माण करणाऱ्या विकारांचा गट असून अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स रोग हे त्यातील दोन प्रमुख विकार होत. पहिला मोठ्या आतड्याच्या अस्तरापुरता मर्यादित राहतो. दुसरा तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही उद्भवतो व आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो. भारतात या रोगाचे वयानुसार व लिंगानुसार दिसणारे स्वरूप पाश्चात्त्य देशांतील स्वरूपाहून काही बाबतींत निराळे आहे.

लोकसंख्येतील प्रमाण

हा रोग युरोप-अमेरिकेतील लोकांचा, असा समज भारतात दीर्घकाळ रूढ होता. पंजाबात डॉ. अजित सूद व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीने त्याला धक्का दिला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ५१,९१० व्यक्तींची चौकशी होऊन अल्सरेटिव्ह कोलायटिसचे २३ रुग्ण आढळले, म्हणजे दर लाखामागे ४४.३. वर्षभराने त्याच वस्त्यांना पुन्हा भेट दिली असता नव्या रुग्णांचे प्रमाण लाखामागे सुमारे ६ भरले.

घरोघरच्या पाहणीचे मोल लिंगभेदाच्या संदर्भात अधिक आहे. रुग्णालयाच्या नोंदवहीत तेथवर पोहोचलेलाच रुग्ण मोजला जातो. ज्या घरात बाईचे दुखणे ‘बघू पुढे’ म्हणून मागे पडते, त्या घरातील रुग्ण स्त्री या हिशेबात येतच नाही. त्यामुळे भारतीय रुग्णालयांच्या आकडेवारीत दिसणारे पुरुषांचे आधिक्य जपूनच वाचावे लागते. मात्र ते सर्वस्वी आभासी म्हणता येणार नाही. पूर्व आशियातील देशांतही तरुण व मध्यम वयात क्रोन्स रोग पुरुषांत अधिक आढळतो. पाश्चात्त्य देशांत बालवयात मुलग्यांत आणि तारुण्यानंतर स्त्रियांत त्याचे प्रमाण जास्त असते. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये तेथे पंचेचाळिशीपर्यंत फारसा फरक नसतो, नंतर पुरुषांचे पारडे जड होते.

वयानुसार स्वरूप

दोन्ही विकार बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतात. सहा वर्षांखालील बालकांत तो जडल्यास एखाद्या जनुकातील दोष कारणीभूत असण्याची शक्यता वाढते. मोठ्या मुलांत क्रोन्स रोगाचे पहिले लक्षण जुलाब नसून खुंटलेली उंची किंवा लांबलेले वयात येणे असू शकते.

तरुणांच्या बाबतीत भारतातील मोठी अडचण आतड्याच्या क्षयाची आहे. त्याची व क्रोन्स रोगाची लक्षणे, व्रणांची जागा, इतकेच काय सूक्ष्मदर्शकाखालचे चित्रही पुष्कळदा सारखेच दिसते. म्हणून अनेक रुग्णांना आधी क्षयाची औषधे देऊन व्रण भरतात का ते पाहिले जाते. क्षय समजून क्रोन्सवर केलेल्या उपचारात महिने वाया जातात. क्रोन्स समजून क्षयरोग्याला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिल्यास क्षय बळावतो, आणि ही चूक अधिक घातक ठरते. उतारवयात शौचावाटे पडणारे रक्त मूळव्याधीचे मानून दुर्लक्षिले जाते. त्या वयात आतड्याच्या कर्करोगाची शक्यताही तपासावी लागते.

स्त्री-पुरुषांतील फरक

धूम्रपानाने क्रोन्स रोग बळावतो, तर अल्सरेटिव्ह कोलायटिसचा धोका धूम्रपान सोडल्यानंतर वाढतो. पाश्चात्त्य देशांतील प्रौढ पुरुषांमधील आधिक्याचे हे एक कारण मानले जाते.

स्त्रियांमध्ये रक्तक्षयाचे खापर मासिक पाळीवर फोडले जाते आणि निदान लांबते. गर्भधारणेच्या वेळी रोग शांत असल्यास गरोदरपण बहुधा सुरळीत पार पडते. रोग उसळलेला असल्यास गर्भपात व अकाली प्रसूतीचा धोका वाढतो. म्हणून ‘बाळासाठी’ मनानेच औषधे थांबवणे धोक्याचे असते. बहुतेक औषधे गरोदरपणी चालू ठेवता येतात. मेथोट्रेक्सेट मात्र पूर्णतः वर्ज्य आहे व ते गर्भधारणेच्या काही महिने आधीच बंद करावे लागते.

पुरुषांच्या प्रजननक्षमतेची चर्चा त्या मानाने कमी होते. स्वस्त असल्याने भारतात बरीच वापरली जाणारी सल्फासालाझीनची गोळी शुक्राणूंची संख्या घटवते. औषध बदलल्यावर दोन-तीन महिन्यांत ती पूर्ववत होते, हे ठाऊक नसल्याने वंध्यत्वाचा दोष विनाकारण पत्नीकडे जाऊ शकतो.